वाचकांचे प्रश्न : न दिलेला राजीनामा आणि गेलेली नोकरी

खासगी शाळांतल्या नोकरीबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यांतली तीन इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. राज्य पुरस्कार मिळाल्यानंतर माझं नाव चौकशी समित्यांच्या पॅनेलवर गेलं आणि नोकरीत असताना मी अशा अनेक समित्यांवर बसले. मी वकील नाही. प्रत्यक्ष दावा लावताना वकील हवाच. पण वकिलाकडे जाईपर्यंत जे करायचं असतं तिथेच बहुतेकांचं नुकसान होतं, आणि त्याबद्दल मला सांगता येतं.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत अकरा वर्षं मराठी आणि इतिहास शिकवते. नेमणुकीला मान्यता आहे, पगार शालार्थमधून (शासनाच्या वेतनप्रणालीतून) होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मस्टर पुढे केलंच नाही. ‘संस्थेने तुमचा राजीनामा मंजूर केला आहे,’ म्हणाले. मी राजीनामा दिलेला नाही. मात्र रुजू होताना संस्थेच्या कार्यालयात दोन कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या होत्या, सगळ्यांच्याच घेतात. गेल्या वर्षी संस्थाचालकांच्या नात्यातल्या एका मुलीचे नववीचे गुण वाढवायला मी नकार दिला. त्यानंतर तीन मेमो आले : एक उशिरा आल्याचा, एक वर्गात मुलावर ओरडल्याचा, एक टाचणवही (पाठांची पूर्वतयारी लिहायची वही) अपुरी असल्याचा. उशीर झाला होता हे खरं आहे. लेखी आदेश काहीच नाही. आठवडा झाला, रोज फाटकापर्यंत जाऊन परत येते. गावात लोक विचारतात, बाईंनी असं केलं तरी काय? मला न्यायाने काढलं की अन्यायाने, हे माझं मलाच कळेनासं झालं आहे.
(एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई, फाटकापर्यंत जाणं थांबवू नका, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. रोज एक साधा अर्ज न्या : ‘मी आज अमुक वाजता कामावर हजर राहण्यासाठी आले, मला हजेरीपटावर सही करू दिली नाही.’ शाळेने आवक शिक्का मारून दिला तर उत्तम. नाही घेतला, तर त्याच दिवशी पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना (माध्यमिक) द्या. हे कशासाठी, तर आज ‘राजीनामा दिला’ म्हणणारी संस्था उद्या ‘बाई स्वतःहूनच यायच्या बंद झाल्या’ असंही म्हणेल. अशी दोन तोंडांची उत्तरं मी समितीत बसून ऐकली आहेत, आणि तिथे शिक्षिकेकडे एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

दुसरी गोष्ट मुदतीची. खासगी शाळांतल्या शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी आपल्या राज्यात १९७७ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्याखालची १९८१ ची सेवाशर्तींची नियमावली. या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याने तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपण ज्याला ट्रिब्युनल म्हणतो तिथे, अपील करायचं असतं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. तुमचा आठवडा गेलाच आहे. लेखी आदेश नाही म्हणून आदेशाची वाट बघत बसू नका. कलमात ‘बडतर्फी’ आणि ‘काढून टाकणे’ यांबरोबर ‘अन्य प्रकारे सेवा समाप्त करणे’ हेही आहे, आणि मस्टरवर सही करू न देणं हाही सेवा संपवण्याचाच प्रकार आहे. ज्या दिवशी सही नाकारली तो दिवस धरून तीस मोजा.

आता राजीनामा. हा कायदा करणाऱ्यांना कोऱ्या कागदांची ही रीत ठाऊक होती असं मला नेहमी वाटत आलं आहे, कारण कलम ७ मध्ये राजीनामा कसा द्यायचा हे पायरीपायरीने सांगितलं आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही करायची, दोन्हींवर तारीख घालायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. शिवाय कायम कर्मचाऱ्याला नोकरी सोडताना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तुमच्या बाबतीत टपालाची पावती कुठे आहे? नोटिशीचे तीन महिने कधी सुरू झाले? अकरा वर्षं नोकरी केलेल्या बाईने पगार, निवृत्तिवेतन, सगळं सोडून अचानक जायचं ठरवलं, ते का? हे तीन प्रश्न ट्रिब्युनलपुढे संस्थेला विचारले जातील.

त्या कथित राजीनाम्याची प्रत आजच लेखी मागा. मिळाली की मजकूर आणि सही यांची जागा बघा. कोऱ्या कागदावरच्या सहीला मजकूर मागाहून जुळवावा लागतो. ओळी कुठे दाटतात, कुठे उगाच मोकळी जागा सुटते. त्यावर घातलेल्या तारखेला तुम्ही कुठे होता ते आठवा : सुट्टीत माहेरी होता का, निवडणुकीच्या किंवा परीक्षेच्या कामावर होता का. आणि संस्थेला पत्र लिहिताना एक काळजी घ्या. ‘मी राजीनामा दिलेला नाही’ एवढंच लिहा. ‘राजीनामा मागे घेते’ असं घाबरून लिहू नका. जे दिलंच नाही ते मागे घेता येत नाही, आणि ते एक वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवतील.

आता तुमचा खरा प्रश्न : न्यायाने की अन्यायाने? तुम्हाला उशीर झाला होता म्हणून तुम्ही स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. माझं म्हणणं असं, की काढणं न्याय्य ठरायला दोन गोष्टी लागतात. कारण खरं आणि तेवढं वजनदार हवं, आणि त्या माणसाला आपली बाजू मांडायची पूर्ण संधी मिळायला हवी. एक असून दुसरी नसेल तर ते न्याय्य नाही.

कारणांचं बघू. कायम कर्मचाऱ्याला शिक्षा म्हणून काढण्यासाठी नियम २८ मध्ये चार कारणं आहेत : गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कामाची जाणूनबुजून आणि सतत केलेली हेळसांड, आणि अकार्यक्षमता. ‘जाणूनबुजून’ आणि ‘सतत’ हे दोन्ही शब्द तिथे मुद्दाम घातले आहेत. अकरा वर्षांत एकदा झालेला उशीर त्यात बसत नाही. आणि सेवासमाप्ती ही शेवटची शिक्षा आहे. तिच्याआधी कानउघाडणी, ताकीद, ठपका, वेतनवाढ रोखणं, नुकसानभरपाई वसूल करणं, पदावनती असे टप्पे आहेत. उशिरासाठी फार तर ताकीद. तेवढी तुम्हीही मान्य कराल.

समितीवर फाईल हातात आली की मी आधी मेमो वाचत नसे, मेमोंच्या तारखा लावून बघत असे. एका प्रकरणात शिक्षकाचं पंधरा वर्षांचं सेवापुस्तक अगदी स्वच्छ होतं आणि मग एका सत्रात नऊ मेमो. त्या सत्राच्या आधी काय घडलं, हे विचारल्यावर उलगडा झाला : त्यांनी संस्थेच्या निवडणुकीत दुसऱ्या गटाच्या उमेदवाराला घरी चहाला बोलावलं होतं. तुमच्या तीन मेमोंच्या तारखाही अशाच लावा आणि त्यांच्या डोक्यावर गुण वाढवायला नकार दिल्याची तारीख लिहा. त्या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका, गुणपत्रक, तुम्हाला कोणी फोन केला, स्टाफरूममध्ये कोण साक्षीला होतं, सगळं आठवेल तसं आजच्या आज टिपून ठेवा. मात्र शाळेची मूळ कागदपत्रं घरी आणू नका, त्यातून नवाच आरोप उभा राहील.

पद्धतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक शिक्षकांना ती स्वतःवर वेळ येईपर्यंत ठाऊक नसते. आधी आरोप लेखी कळवायचे आणि खुलाशाला सात दिवस द्यायचे. खुलासा पटला नाही तर तिघांची चौकशी समिती : एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला (तो कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी असू शकतो), आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या पॅनेलमधला. त्या तिसऱ्या खुर्चीवर मी बसत असे. निवड संस्था करते, म्हणून पुष्कळदा ‘आमच्या बाई’ असं समजून मला चहाबरोबर निकालही सांगितला जाई. पण ती खुर्ची कोणाचीच नसते, आणि तिथे बसणाऱ्याने हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलून टाकायला हवं. मग दोषारोपपत्र, कागदपत्रांच्या प्रती, संस्थेचे साक्षीदार, त्यांची उलटतपासणी, कर्मचाऱ्याचे साक्षीदार, शेवटी संपूर्ण कामकाजाचा गोषवारा पाठवून पुन्हा सात दिवस म्हणणं मांडायला. यांतलं एकही पाऊल तुमच्या बाबतीत पडलेलं नाही. चौकशी टाळण्यासाठीच तर राजीनाम्याचा कागद पुढे आला आहे. कलम ४ मध्ये स्वच्छ म्हटलं आहे की हा कायदा आणि नियम यांना धरूनच कोणालाही निलंबित करता येईल किंवा काढता येईल.

औरंगाबादच्या (आजचं छत्रपती संभाजीनगर) एका प्राथमिक शिक्षिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. अध्यक्षांच्या वाढदिवसाला पंधराशे रुपये द्यायला तिने नकार दिला, आणि तिच्यावर पंचवीस मेमोंचा मारा झाला. नोव्हेंबर २००६ मध्ये निलंबन. शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबनाला मान्यता दिली नाही, तरी चौकशी चालवली. तिने नेमलेल्या प्रतिनिधीला बसू दिलं नाही आणि जून २००७ मध्ये तिला काढलं. ट्रिब्युनलने २००९ मध्ये तो आदेश रद्द करून मागच्या पगारासह तिला परत घ्यायला सांगितलं. उच्च न्यायालयाने मागचा पगार काढून टाकला, आणि १२ ऑगस्ट २०१३ रोजी न्यायमूर्ती सिंघवी आणि न्यायमूर्ती गौडा यांनी तो पुन्हा दिला. बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागचा पगार देणं हीच सर्वसाधारण रीत, असं त्या निकालात आहे. आपण दुसरीकडे कमावत नव्हतो एवढं कर्मचाऱ्याने सांगायचं. कमावत होता हे दाखवण्याची जबाबदारी मग व्यवस्थापनावर येते. म्हणून या काळात तुम्ही शिकवण्या घेतल्या तर त्याची खरी नोंद ठेवा आणि विचारलं तर खरं सांगा. पोटासाठी चार शिकवण्या घेणं हा गुन्हा नाही, लपवणं मात्र महागात पडतं.

खोटी आशा मला दाखवायची नाही. अपील तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, वरच्या न्यायालयात गेलं तर आणखी. घरच्यांशी बसून हे आधी बोला. परत न घेता भरपाई देण्याचा मार्गही ट्रिब्युनलपुढे असतो : दहा वर्षं किंवा जास्त नोकरी असेल तर बारा महिन्यांचा पगार, कमी असेल तर सहा महिन्यांचा. तुमची अकरा वर्षं झाली आहेत. पण माझ्या मते पहिली मागणी परत घेण्याचीच असावी. तुम्ही गुण वाढवले नाहीत म्हणून वर्गातल्या बाकीच्या सगळ्या मुलांना न्याय मिळाला. अशी शिक्षिका शाळेत हवी.

आणि गावात कोणी विचारलं, तर मान खाली न घालता सांगा : ‘माझ्यावर दोषारोपपत्र नाही, चौकशी नाही. असेल तर संस्थेने दाखवावं.’

प्रश्न : माझी मुलगी पुण्याजवळ एका विनाअनुदानित शाळेत दीड वर्ष शिकवते. नेमणूक दोन वर्षांच्या परिविक्षेवर (प्रोबेशनवर) आहे. ‘काम समाधानकारक नाही’ एवढंच लिहून एक महिन्याची नोटीस दिली आहे. शाळा म्हणते, हा कायदा फक्त अनुदानित शाळांना लागू आहे. माझ्या मेहुण्याला कारखान्यातून काढलं तेव्हा कामगार न्यायालयाने परत घ्यायला लावलं होतं. आपणही तिथेच जावं का?
(एक वडील, पिंपरी)

उत्तर : शाळेचं म्हणणं चूक आहे. कलम ३ प्रमाणे हा कायदा राज्यातल्या खासगी शाळांना लागू आहे, अनुदान मिळो वा न मिळो. कामगार न्यायालयात मात्र जाऊ नका. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार ठरत नाहीत. मेहुण्यांचा रस्ता वेगळा, तुमच्या लेकीचा वेगळा; तिचा रस्ता ट्रिब्युनलकडे जातो, आणि तीस दिवसांची मुदत तिलाही आहे.

पण तिची बाजू वरच्या पत्रातल्या ताईंइतकी भक्कम नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. परिविक्षेच्या काळात काम किंवा वागणूक समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन काढण्याचा अधिकार व्यवस्थापनाला कलम ५ ने दिला आहे, आणि तो असायला हवा असं माझं मत आहे. शिकवता न येणारा माणूस वीस-पंचवीस वर्षं मुलांच्या माथी मारू नये. फक्त ते असमाधान मुळात खरं हवं. दीड वर्षात कोणी तिचा तास बघितला का? गोपनीय अहवाल लिहिला का, त्यातले प्रतिकूल शेरे तिला कळवले का, सुधारायला सांगितलं का? यांतलं काहीच नसेल, किंवा खरं कारण एखादा आरोप असून वरून ‘असमाधानकारक’ असा शिक्का मारला असेल, तर वकिलाला नेमकं तेच दाखवा. आरोप करायचा असेल तर चौकशी करावी लागते. नेमणुकीचा आदेशही नीट वाचा. जाहिरात देऊन, निवड करून, कायम रिकाम्या जागेवर नेमलं असेल तर परिविक्षेला अर्थ आहे. जून ते एप्रिल असा तात्पुरता आदेश असेल तर मुदत संपली की नोकरी संपते आणि अपील लढणं फार अवघड जातं. दरवर्षी असे आदेश घेणाऱ्या कितीतरी मुली मला माहीत आहेत. त्या पहिल्याच वर्षी आदेश वाचून दाखवायला कोणाकडे गेल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रश्न : मी एका शिक्षण संस्थेचा चिटणीस आहे. आमच्या लिपिकाने दहावीच्या परीक्षा शुल्काचे एक्केचाळीस हजार रुपये मुलांकडून घेतले आणि भरलेच नाहीत. मुलांचे अर्ज अडकले होते, शेवटी आम्ही पदरचे भरले. त्याने कार्यकारिणीसमोर लेखी कबुली दिली आहे. बावीस वर्षांचा जुना माणूस, पण क्षमा करता येत नाही. कबुली असताना चौकशीचं नाटक कशाला? उद्याच्या सभेत ठराव करून काढून टाकायचा विचार आहे.
(एक संस्थाचालक, सातारा जिल्हा)

उत्तर : साहेब, त्याला काढू नका असं मी म्हणणार नाही. मुलांचं वर्ष पणाला लावणं ही लहान गोष्ट नाही. एका शिक्षकाच्या सेवासमाप्तीवर मी स्वतः सही केली आहे : पैसे घेऊन त्यांनी नववीच्या उत्तरपत्रिका बदलल्या होत्या. त्यांना सगळे कागद दिले, त्यांनी संस्थेच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेतली, स्वतःचे तीन साक्षीदार आणले. शेवटी त्यांनी निवडलेला प्रतिनिधीसुद्धा आमच्याशी सहमत झाला. त्या सहीबद्दल मला आजही रुखरुख नाही, कारण त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळं आम्ही ऐकून घेतलं होतं.

उद्याचा ठराव मात्र करू नका. शिक्षकेतर कर्मचाऱ्यालाही हीच पद्धत लागू आहे. कार्यकारिणीच्या सात-आठ जणांसमोर उभं राहून लिहिलेली कबुली उद्या ‘दडपणाखाली घेतली’ म्हणून नाकारली जाईल, आणि बंद दाराआड ती लिहून घेतली असेल तर त्यात तथ्यही असू शकेल. मग तुमच्याकडे उरतं काय? म्हणून कबुलीवर विसंबू नका. पावतीपुस्तकं, कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), परीक्षा मंडळाकडे भरणा न झाल्याचं पत्र आणि ज्या पालकांनी पैसे दिले त्यांच्या साक्षी, यांवर चौकशी उभी करा. कबुली हा त्यातला एक कागद. चौकशी धड न केल्यामुळे, पैसे खाल्लेला माणूस मागच्या पगारासह परत आलेला मी पाहिला आहे. तो पगार शेवटी संस्थेलाच भरावा लागला, आणि पैसे बुडालेले पालक तोंडात मारल्यासारखे बघत राहिले.

तोवर तो कॅशपेटीजवळ नको असेल तर निलंबन करा, पण शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊनच. परवानगी असेल तर पहिले चार महिने निर्वाह भत्ता (निलंबनाच्या काळात पगाराऐवजी मिळणारी रक्कम) शासनाच्या वेतन योजनेतून निघतो, पुढे संस्थेने द्यायचा. परवानगी न घेता निलंबित केलंत तर पहिल्या दिवसापासून तो संस्थेच्या खिशातून जाईल. तो रोखून मात्र धरू नका; उपाशी माणसाला बचाव करता येत नाही, आणि त्या एका मुद्द्यावर चौकशी संशयात येऊ शकते.

पोलिसांत तक्रार द्यायची तर ती स्वतंत्र द्या, पण तिच्या निकालाची वाट बघत चौकशी थांबवू नका. तो जो प्रतिनिधी सुचवेल तो तुम्हाला न आवडणारा असेल, कदाचित संघटनेतला असेल, तरी त्याला बसू द्या. पॅनेलमधली व्यक्ती निवडताना आपल्या ओळखीचं कोणी शोधू नका, लांबच्या तालुक्यातलं घ्या. बावीस वर्षांचं सेवापुस्तक समितीपुढे ठेवा, त्यातलं चांगलंही. आणि आरोपांचं पहिलं पत्र या आठवड्यात काढा : प्रत्येक पावतीचा क्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, रक्कम आणि तारीख वेगवेगळी लिहा, ‘अफरातफर केली’ असं मोघम नको, आणि खुलाशाला सात दिवस द्या.